रॅक सर्व्हरच्या जुळणीत सुसंगत साठवण ड्राइव्हची निवड : एक विवेचन

सारांश :

महाविद्यालयांतील प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय व लेखाविषयक नोंदी आता मोठ्या प्रमाणावर सर्व्हरवर साठविल्या जातात. सर्व्हरची खरेदी करताना प्रोसेसर व मेमरी यांचा तपशील काळजीपूर्वक लिहिला जातो. साठवण ड्राइव्हचा उल्लेख मात्र अनेकदा क्षमता आणि नग एवढ्यापुरता मर्यादित राहतो. ड्राइव्ह कप्प्यात बसला म्हणजे तो सर्व्हरशी सुसंगत आहे, असे होत नाही. प्रस्तुत लेखात आकार, जोडणी, कंट्रोलर, सेक्टर, त्रुटीच्या वेळचे वर्तन, लेखन सहनशक्ती आणि फर्मवेअर या सात पातळ्यांवर सुसंगतीचा विचार केला असून खरेदीच्या तपशिलात कोणत्या बाबी लिहाव्यात हेही दिले आहे.

बीजसंज्ञा : रॅक सर्व्हर, साठवण ड्राइव्ह, रेड, कंट्रोलर, बॅकप्लेन, फर्मवेअर.

प्रस्तावना :

"४ टीबी हार्ड डिस्क, ४ नग" असा एका ओळीचा तपशील निविदेत लिहिला की पुरवठादार किमान दराचा माल देण्यास मोकळा असतो. तो कराराचा भंग करीत नाही. कारण करारात त्याहून अधिक काही लिहिलेलेच नसते. आलेले ड्राइव्ह बसविले जातात, सर्व्हर चालू होतो, देयक अदा होते. यातील दोष पहिल्या दिवशी क्वचितच दिसतो. तीन-चार वर्षांनी एक ड्राइव्ह निकामी होतो, त्याच्या जागी नवा बसविला जातो आणि उरलेल्या ड्राइव्हवरील माहितीवरून गेलेली माहिती पुन्हा उभी करण्याचे काम सुरू होते. या कामाला पुनर्बांधणी असे म्हणता येईल. सर्व ड्राइव्हवर दीर्घकाळ पूर्ण भार पडण्याची ही वेळ असते आणि निवडीतील चूक बहुधा याच वेळी उघडी पडते. म्हणून सुसंगतीची कसोटी बसविण्याच्या दिवशी नव्हे तर पुनर्बांधणीच्या दिवशी लागते, हे सूत्र धरून पुढील विवेचन केले आहे.

उदाहरणादाखल डेल कंपनीचा २०१७ मध्ये बाजारात आलेला पॉवरएज आर७४० हा दोन युनिट उंचीचा सर्व्हर घेतला आहे. येथे मांडलेली तत्त्वे अन्य उत्पादकांच्या सर्व्हरांनाही लागू होतात.

१. कप्पा व आकार :

रॅकमधील एक युनिट म्हणजे १.७५ इंच, अर्थात ४४.४५ मिलिमीटर उंची. सर्व्हरची उंची व त्याची अंतर्गत रचना यांवरून पुढील बाजूस किती आणि कोणत्या आकाराचे ड्राइव्ह बसतील हे ठरते. पारंपरिक ड्राइव्ह ३.५ इंच व २.५ इंच अशा दोन आकारांत मिळतात. आर७४० हा सर्व्हर ३.५ इंचांच्या ८ कप्प्यांसह किंवा २.५ इंचांच्या ८ अथवा १६ कप्प्यांसह मिळत असे. ही निवड खरेदीच्या वेळीच करावी लागते. ३.५ इंचांच्या कप्प्यात योग्य जोडपट्टी वापरून २.५ इंचांचा ड्राइव्ह बसविता येतो. याच्या उलट मात्र करता येत नाही.

२.५ इंचांच्या ड्राइव्हमध्ये जाडीचाही फरक असतो. ७, ९.५ आणि १५ मिलिमीटर अशा जाडीचे ड्राइव्ह प्रचारात आहेत. ज्या सरकत्या चौकटीत ड्राइव्ह बसवून कप्प्यात ढकलला जातो, तिला कॅडी म्हणतात. कॅडी उत्पादकानुसार आणि बहुधा सर्व्हरच्या पिढीनुसार बदलते. स्वतंत्रपणे विकत घेतलेल्या ड्राइव्हसोबत ती येत नाही. तसेच रिकाम्या कप्प्यांवर झाकणे बसविणे आवश्यक असते. अन्यथा पंख्यांनी ओढलेली हवा ड्राइव्हवरून न जाता मोकळ्या जागेतून निघून जाते.

२. जोडणी व बॅकप्लेन :

कप्प्यांच्या मागे असलेली आणि सर्व ड्राइव्हना वीज व माहितीमार्ग पुरविणारी पाटी म्हणजे बॅकप्लेन. आजच्या सर्व्हरांत साटा, सॅस आणि एनव्हीएमई या तीन प्रकारच्या जोडण्या आढळतात.

साटा जोडणीचा कमाल वेग सेकंदाला ६ गिगाबिट असतो व प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ६०० मेगाबाईटपर्यंत माहिती वाहून नेता येते. सॅस जोडणीच्या प्रचलित पिढीचा वेग १२ गिगाबिट आहे आणि त्यापुढील पिढी २४जी या नावाने ओळखली जाते. सॅस कंट्रोलरला साटा ड्राइव्ह चालतो. परंतु साटा कंट्रोलरला सॅस ड्राइव्ह चालत नाही. साटाच्या जोडात माहिती व वीज या दोन भागांमध्ये जी खाच असते, ती सॅस ड्राइव्हमध्ये भरलेली असते. त्यामुळे सॅस ड्राइव्ह साटाच्या जोडात शिरतच नाही.

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा सलग वाचनाचा वेग आजही साधारणपणे सेकंदाला २०० ते २८० मेगाबाईट इतका असतो. तो साटाच्या मर्यादेच्याही आत आहे. म्हणजे हार्ड डिस्कसाठी सॅस निवडण्याचे कारण वेग हे नाही. सॅस ड्राइव्हला दोन स्वतंत्र मार्ग असतात, तो एकाच वेळी पाठविणे व स्वीकारणे करू शकतो आणि त्रुटींची माहिती अधिक तपशिलाने कळवितो, ही त्याची खरी कारणे होत. एका सर्व्हरच्या महाविद्यालयीन कामासाठी सर्व्हर श्रेणीची साटा हार्ड डिस्क अनेकदा पुरेशी ठरते आणि वाचलेल्या रकमेत एक राखीव ड्राइव्ह घेता येतो.

एनव्हीएमई ड्राइव्हची गोष्ट निराळी आहे. २०११ मध्ये या मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. हे ड्राइव्ह पीसीआय एक्सप्रेस मार्गाने थेट प्रोसेसरशी जोडले जातात. चौथ्या पिढीच्या चार मार्गिकांवर सेकंदाला सुमारे ७.९ गिगाबाईट माहिती जाऊ शकते. परंतु त्यासाठी बॅकप्लेनही त्याच प्रकारचा असावा लागतो. आर७४० च्या पुढील कप्प्यांत सॅस व साटा ड्राइव्हच चालतात. एनव्हीएमईसाठी त्याच मालिकेतील आर७४०एक्सडी हा सर्व्हर आणि त्याचा विशिष्ट बॅकप्लेन निवडावा लागे. एनव्हीएमईमध्येही यू.२ व यू.३ असे दोन प्रकार आहेत. यू.३ ड्राइव्ह यू.२ च्या कप्प्यात चालतो, यू.२ ड्राइव्ह मात्र केवळ यू.३ साठी बनविलेल्या कप्प्यात चालत नाही. दोन्ही दिसावयास सारखेच असल्याने ही चूक डोळ्यांना कळत नाही.

आणखी एक बारीक बाब म्हणजे साटाच्या वीजजोडातील तिसरी पिन. २०१६ मधील साटा ३.३ या आवृत्तीत या पिनला ड्राइव्हची वीज दुरून बंद करण्याचे काम देण्यात आले. काही जुने बॅकप्लेन व वीजजोड याच पिनवर ३.३ व्होल्ट पुरवितात. अशा ठिकाणी ही सोय असलेला नवा ड्राइव्ह सुरूच होत नाही आणि चांगला ड्राइव्ह निकामी समजून परत पाठविला जातो.

३. कंट्रोलर व रेड रचना :

अनेक ड्राइव्ह एकत्र करून एखादा निकामी झाला तरी माहिती टिकावी, ही कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलेच्या संशोधकांनी १९८८ मध्ये रेड या नावाने मांडली. रेड ५ मध्ये एक आणि रेड ६ मध्ये दोन ड्राइव्ह निकामी झाले तरी माहिती सुरक्षित राहते. रेड १० मध्ये ड्राइव्हच्या जोड्या करून प्रत्येक जोडीत तीच माहिती दोनदा लिहिली जाते. एकाच जोडीतील दोन्ही ड्राइव्ह गेले तर मात्र माहिती जाते.

कोणती रचना करता येईल हे कंट्रोलरवर अवलंबून असते. आर७४० साठी उपलब्ध असलेल्या कंट्रोलरांपैकी पर्क एच३३० मध्ये रेड ६ ची सोय नाही आणि लेखनासाठी स्वतंत्र कॅश मेमरीही नाही. पर्क एच७३०पी मध्ये रेड ६ असून २ जीबी कॅश आहे व वीज गेली तरी त्या कॅशमधील माहिती टिकते. दोन निविदांत ड्राइव्ह तेच असले तरी कंट्रोलर भिन्न असल्यास माहितीच्या सुरक्षिततेची पातळी भिन्न होते.

पुनर्बांधणीचे साधे गणित येथे उपयोगी पडते. ४ टीबीचे चार ड्राइव्ह रेड ५ मध्ये असून त्यांपैकी एक गेला, तर उरलेल्या तिन्ही ड्राइव्हवरील मिळून १२ टीबी माहिती वाचावी लागते. साध्या संगणकासाठीच्या अनेक ड्राइव्हच्या माहितीपत्रकात वाचता न येणाऱ्या त्रुटीचे कमाल प्रमाण १० च्या १४ व्या घाताइतक्या बिटांमागे एक असे दिलेले असते. हे १२.५ टीबी होतात. म्हणजे उत्पादकाने स्वतः मान्य केलेल्या मर्यादेनुसार एका पुनर्बांधणीत जवळजवळ एक त्रुटी संभवते आणि रेड ५ मध्ये त्या क्षणी ती भरून काढण्यास दुसरा आधार नसतो. प्रत्यक्षातील प्रमाण यापेक्षा कमी असू शकते. परंतु खरेदी करताना हमी दिलेल्या मर्यादेचाच आधार घेणे योग्य. सर्व्हर श्रेणीच्या ड्राइव्हमध्ये हे प्रमाण सहसा १० च्या १५ व्या घातामागे एक, म्हणजे दहापट चांगले असते. सर्व्हर श्रेणीचा ड्राइव्ह आणि रेड ६ चा आग्रह यासाठीच धरावयाचा.

कालावधीही लक्षात घ्यावा लागतो. १६ टीबीचा ड्राइव्ह सेकंदाला २५० मेगाबाईट या वेगाने सलग भरला तरी सुमारे १८ तास लागतात. परीक्षेच्या काळात सर्व्हरवर इतर काम चालू असेल तर हा वेळ पुष्कळच वाढतो. तितका काळ संपूर्ण संच दुबळ्या अवस्थेत असतो.

एकाच रेड संचात सॅस व साटा ड्राइव्ह एकत्र करण्यास, तसेच हार्ड डिस्क व एसएसडी एकत्र करण्यास पर्क कंट्रोलर परवानगी देत नाहीत. क्षमता कमी-अधिक असल्यास सर्वांत लहान ड्राइव्हची क्षमता सर्वांना लागू होते. बदली ड्राइव्ह मूळ ड्राइव्हपेक्षा लहान असल्यास तो नाकारला जाऊ शकतो.

४. सेक्टरचा आकार :

ड्राइव्हवरील माहिती सेक्टर नावाच्या ठरावीक तुकड्यांत लिहिली जाते. पूर्वी हा तुकडा ५१२ बाइटांचा असे. नव्या ड्राइव्हमध्ये तो आतून ४,०९६ बाइटांचा असतो. त्यांपैकी ५१२ई प्रकारचे ड्राइव्ह बाहेरून ५१२ बाइटांचेच असल्याचे भासवितात, तर ४केएन प्रकारचे ड्राइव्ह आपला खरा आकार उघड करतात. ४केएन ड्राइव्हवरून संगणक प्रणाली सुरू करण्यास यूईएफआय पद्धत लागते. बहुतेक कंट्रोलर ५१२ व ४के सेक्टरांचे ड्राइव्ह एका संचात स्वीकारत नाहीत.

जुन्या सर्व्हरमध्ये मोठे ड्राइव्ह बसविताना आणखी एक अडचण येते. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिणाऱ्या कंट्रोलरला ५१२ बाइटांच्या हिशेबाने सुमारे २.२ टीबीपलीकडे पाहता येत नाही. डेलच्या पूर्वीच्या सर्व्हरांतील पर्क ६/आय हा कंट्रोलर २ टीबीपर्यंतचेच ड्राइव्ह वापरू शकत असे. जुन्या बाजारात स्वस्त मिळणारे काही सॅस ड्राइव्ह मोठ्या साठवण यंत्रणांतून काढलेले असतात. त्यांचे सेक्टर ५२० बाइटांचे असल्यास पुन्हा फॉरमॅट केल्याशिवाय ते सामान्य सर्व्हरमध्ये वापरता येत नाहीत.

५. त्रुटीच्या वेळचे वर्तन व लेखनपद्धती :

साध्या संगणकातील हार्ड डिस्क एकटी असते. एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती दीर्घकाळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत राहते आणि तेथे ते योग्यच आहे. रेड संचात मात्र ठरावीक सेकंदांत उत्तर आले नाही तर कंट्रोलर तो ड्राइव्ह निकामी समजून संचाबाहेर काढतो. म्हणून सर्व्हर श्रेणीच्या ड्राइव्हमध्ये हा प्रयत्न साधारण ७ सेकंदांपुरता मर्यादित ठेवलेला असतो. घरगुती ड्राइव्ह सर्व्हरमध्ये वापरल्यास धडधाकट ड्राइव्हही बाहेर फेकला जाऊ शकतो.

दुसरी बाब लेखनपद्धतीची. काही हार्ड डिस्कमध्ये क्षमता वाढविण्यासाठी माहितीच्या पट्ट्या छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर अंशतः चढविलेल्या असतात. या पद्धतीला एसएमआर म्हणतात. मधले एक कौल बदलावयाचे तर शेजारची कौले उचलावी लागतात. त्याचप्रमाणे येथे थोडे लिहिण्यासाठी पुष्कळ भाग पुन्हा लिहावा लागतो. पुनर्बांधणीच्या वेळी हा वेग अतिशय घसरतो. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या रेड नावाच्या मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही ड्राइव्हमध्ये ही पद्धत असल्याचे एप्रिल २०२० मध्ये कंपनीने मान्य केले. हे ड्राइव्ह नेटवर्कवरील साठवण यंत्रांसाठी विकले जात होते. त्यानंतर कंपनीने पारंपरिक पद्धतीचे ड्राइव्ह रेड प्लस या वेगळ्या नावाने विकण्यास आरंभ केला. मालिकेच्या नावावर विसंबून न राहता सीएमआर ही पारंपरिक लेखनपद्धती तपशिलात स्पष्ट मागावी, हा यातील बोध आहे.

६. एसएसडीची लेखन सहनशक्ती :

एसएसडीवर किती वेळा लिहिता येते याला मर्यादा असते. ती दररोज संपूर्ण ड्राइव्ह किती वेळा लिहिता येईल या मापाने, हमीच्या कालावधीसाठी सांगितली जाते. ९६० जीबीचा ड्राइव्ह दररोज एकदा या मापाचा व ५ वर्षांच्या हमीचा असेल तर त्यावर एकूण १,७५२ टीबी लिहिता येते. एखाद्या सर्व्हरमधील प्रत्येक ड्राइव्हवर दररोज २०० जीबी लेखन होत असेल तर ५ वर्षांत ते ३६५ टीबी होते. अशा वेळी अधिक सहनशक्तीचा महाग ड्राइव्ह घेण्याची गरज नाही. आपल्या सर्व्हरवरील रोजचे लेखन मोजल्याशिवाय मात्र हा निर्णय घेता येत नाही.

याहून महत्त्वाचा गुण वीज खंडित होण्याच्या वेळचा आहे. सर्व्हर श्रेणीच्या एसएसडीत सहसा कपॅसिटर बसविलेले असतात. अचानक वीज गेल्यास तात्पुरत्या मेमरीतील माहिती कायम जागी लिहिण्याइतकी ऊर्जा ते पुरवितात. बहुतेक घरगुती एसएसडीत ही सोय नसते. यूपीएस असला तरी सर्व्हरच्या आतील वीजपुरवठा बिघडू शकतो, हे विसरता कामा नये.

७. फर्मवेअर व उत्पादकाची यादी :

सर्व्हर उत्पादक तपासलेल्या ड्राइव्हची यादी प्रसिद्ध करतात आणि त्यांवर स्वतःचे फर्मवेअर घालतात. यादीबाहेरचा ड्राइव्ह अनेकदा चालतो. पण त्याची आरोग्यस्थिती व्यवस्थापन पटलावर नीट न दिसणे, फर्मवेअर अद्ययावत न होणे आणि तक्रार केल्यास साहाय्य न मिळणे असे परिणाम संभवतात. २०१० मध्ये डेलच्या पर्क एच७०० व एच८०० या नव्या कंट्रोलरांनी अन्य कंपन्यांचे ड्राइव्ह नाकारले. ग्राहकांच्या तक्रारींनंतर त्याच वर्षी फर्मवेअर बदलून हे बंधन उठविण्यात आले. यावरून दोन गोष्टी दिसतात : असे बंधन तांत्रिक गरजेपोटीच असते असे नाही, आणि ते खरेदीपूर्वी विचारून घ्यावे लागते.

तथापि यादीतील ड्राइव्ह घेतला म्हणजे काळजी संपली असेही नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ कंपनीने आपल्या काही सॅस एसएसडींसंबंधी सूचना प्रसिद्ध केली. एचपीडी८ पूर्वीचे फर्मवेअर असलेले हे ड्राइव्ह ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्यावर निकामी होत आणि त्यांवरील माहिती परत मिळविता येत नसे. एकाच दिवशी बसविलेल्या ड्राइव्हचे तास सारखेच भरतात. त्यामुळे रेड संचातील सर्व ड्राइव्ह जवळजवळ एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता निर्माण झाली आणि अशा प्रसंगी रेड ६ देखील निरुपयोगी ठरते. फर्मवेअर वेळेवर अद्ययावत करणे आणि सर्व्हरबाहेर स्वतंत्र प्रत ठेवणे एवढेच यावरील उपाय आहेत.

८. खरेदीच्या तपशिलात लिहावयाच्या बाबी :

वरील विवेचनावरून "४ टीबी हार्ड डिस्क, ४ नग" या ओळीऐवजी पुढील बाबी लिहिणे इष्ट ठरते.

१) सर्व्हरचे मॉडेल, कप्प्यांचा आकार व संख्या, बॅकप्लेनचा प्रकार, ड्राइव्हसोबत त्याच मॉडेलची कॅडी.
२) कंट्रोलरचे नेमके नाव, हवी असलेली रेड पातळी आणि वीज गेल्यावर टिकणारी कॅश.
३) जोडणीचा प्रकार व सेक्टरचा प्रकार.
४) हार्ड डिस्क असल्यास सर्व्हर श्रेणी, सीएमआर पद्धती व वाचन त्रुटीचे प्रमाण, एसएसडी असल्यास लेखन सहनशक्ती व वीज खंडित झाल्यास संरक्षण.
५) उत्पादकाच्या यादीत ड्राइव्हचा भाग क्रमांक असल्याचा पुरावा व फर्मवेअरची आवृत्ती.
६) किमान एक राखीव ड्राइव्ह आणि हमीच्या काळात तितक्याच वा अधिक क्षमतेचा बदली ड्राइव्ह देण्याची अट.
७) स्वीकृती चाचणी म्हणून चालू सर्व्हरमधून एक ड्राइव्ह काढून पुनर्बांधणी पूर्ण करून दाखविणे.

उपयुक्त क्षमता हीसुद्धा स्पष्ट लिहावी. ४ टीबीचे चार ड्राइव्ह रेड ६ मध्ये ठेवल्यास १६ नव्हे तर ८ टीबी जागा मिळते. संगणक प्रणाली १,०२४ च्या पटीत मोजते म्हणून तीच जागा पडद्यावर सुमारे ७.२८ अशी दिसते. हा फरक आधी ठाऊक नसल्यास पुरवठादाराशी विनाकारण वाद उद्भवतो.

निष्कर्ष :

साठवण ड्राइव्हची सुसंगती हा केवळ ड्राइव्हचा गुण नसून ड्राइव्ह, बॅकप्लेन, कंट्रोलर व फर्मवेअर यांच्या परस्परसंबंधाचा गुण आहे. म्हणून निवडीचा आरंभ ड्राइव्हच्या किमतीपासून न करता सर्व्हरच्या कप्प्यापासून व कंट्रोलरपासून करावा. रेड रचना एखादा ड्राइव्ह निकामी झाल्यास काम चालू ठेवते. परंतु चुकून पुसलेली गुणपत्रके वा खंडणीखोर संगणक विषाणूने कुलूपबंद केलेल्या नोंदी ती परत देत नाही. त्यासाठी स्वतंत्र प्रत हवीच. विषय तांत्रिक असला तरी खरेदी समितीवरील प्राध्यापकांना वरील सात बाबी लेखी मागता येतील आणि सातव्या अटीनुसार होणारी पुनर्बांधणी समक्ष पाहता येईल. विद्यार्थ्यांच्या नोंदी त्या सर्व्हरवर ठेवण्यापूर्वी ही एक चाचणी झालेली असणे आवश्यक आहे.